जिताड्याचा पहिला घास

रेवदंड्याच्या कोटाच्या वेशीतून गाडी आत शिरली तेव्हा बेबी खुशीत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल की म्हातारी घरातूनच तोंड वाकडं करून निघाली असणार. तसं काही नव्हतं. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत चढली तेव्हापासून तिची टकळी चालू होती. नात उर्वी मन लावून ऐकत होती, सून मधुरा ऐकल्यासारखं करत होती आणि मुलगा यतीन नुसता हं हं करत होता.

बोलणं सगळं मनमोहनचं, तिच्या नवऱ्याचं. लग्न झालं की लोक महाबळेश्वरला जायचे. मनमोहन नवी बायको घेऊन या कोटात आला होता. चहूबाजूंनी पोर्तुगीजांनी बांधलेला तट, तटाच्या आत अख्खं गाव, नारळी-पोफळीच्या वाड्या, पडकी चर्चं आणि तटाला खेटून समुद्र. बेबीला वाटलं, नवरा आता किल्ला दाखवणार. नवरा सकाळी उठून गेला तो बंदरावर, आणि हातभर लांबीचा जिताडा घेऊन परतला. ज्यांच्या घरी उतरले होते त्यांच्या पडवीत बसून स्वतः कापला. किल्ला बघायचा राहिलाच. "तट काय, आहे तिथेच राहणार आहे," तो म्हणाला होता, "मासा थांबत नाही."

बेबी आता सत्तरी ओलांडलेली. पण गिरगावातल्या परभूंच्या, म्हणजे पाठारे प्रभूंच्या, घरात एकदा बेबी म्हणून नाव पडलं की ते शेवटपर्यंत सुटत नाही. मनमोहनला जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध गुरुवारी झालं, आणि शनिवारी सगळे इथे आले होते, ते एका कामासाठी.

त्यांच्या घरात एक रीत होती. नवरा गेला की बायको वर्षभर मासळीला शिवत नसे. वर्ष सरलं की मुलानं स्वतः बाजारात जाऊन मासा निवडायचा, स्वतःच्या हातानं घरी आणायचा आणि पहिला घास आईला भरवायचा. मग ती पुन्हा चारचौघांच्या पंगतीत यायची. बेबीच्या सासूनं हे केलं होतं, मनमोहननं तिला भरवलं होतं. मधुरा म्हणाली होती, "आई, आजकाल कोण पाळतं हो?" बेबीनं पाळलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मनमोहनशिवाय मासा घशाखाली उतरला नसता म्हणून.

आणि तेव्हा यतीन म्हणाला होता, "तू खाणार नाहीस, तर घरात कुणीच खाणार नाही."

परभूच्या घरात वर्षभर बोंबील नाही, कोलंबीचं कालवण नाही, रविवारची तुकडी नाही! बेबी वाडीभर सांगत सुटली होती, माझा यतीन म्हणजे सोनं आहे हो, सोनं. शेजारणींनी मान डोलावली होती. एखादी जळलीही असेल.

रिसॉर्ट कोटाच्या आतच, समुद्राच्या अंगाला होतं. शेकडो वर्षांच्या तटाला लागून याची नवी गुलाबी भिंत, आणि भिंतीला फाटक. फाटकावरच्या रखवालदारानं बॅगा उघडायला लावल्या. बेबीच्या पिशवीत बरणी निघाली, परभी संबार मसाल्याची. घरून आणलेली, खास आजच्या माशासाठी. रखवालदारानं झाकण उघडून वास घेतला आणि मान हलवली.

"मॅडम, नॉनव्हेज आत अलाऊड नाही."

"अहो, मसाला आहे तो."

"मच्छीचा ना?"

"मच्छी यात नसते. हा मच्छीत जातो."

"तेच ते," तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या हिरव्या पाटीकडे बोट दाखवलं. शुद्ध शाकाहारी. बाहेरील मांसाहार आणू नये. बरणी त्यानं आपल्या खोलीतल्या फळीवर ठेवली. तिथे आधीच कुणाची तरी अर्धा डझन अंडी जप्त होऊन बसली होती.

बेबी पाटीकडे बघतच राहिली. भिंतीच्या पलीकडे समुद्राची गाज ऐकू येत होती. कोळीवाडा हाकेच्या अंतरावर. ज्या कोटाच्या आत घरोघरी मासळी शिजते, त्या कोटात हे लोक भिंत घालून बसले आणि वर मसाल्याची बरणी हुंगतात! पण राग यतीनवर नव्हता. उलट मधुरा काहीतरी बोलायला गेली तर बेबीनंच त्याची बाजू घेतली. "त्याचं काय चुकलं? समुद्रकाठी मासे मिळतात ना, असं आधी फोन करून विचारणारा परभू अजून जन्माला यायचाय. देवळात जाताना देव आहे का विचारतो का आपण?"

यतीन सामान उचलण्यात गुंतला होता. 

दुपारच्या जेवणाला तर कहर झाला. एका थाळ्यात चक्क मासे मांडून ठेवलेले. पापलेटच्या आकाराचे, शेपटीसकट, तांबूस रवा लावून तळलेले. वर चिठ्ठी, 'व्हेज कोळीवाडा फिश'. सोयाबीनचे होते. बेबीनं एक चिमट्यानं उचलून उलटापालटा करून बघितला. कुणीतरी बसून त्याला डोळाही काढला होता.

"आजी, फोटो काढू?" उर्वी हसून हसून बेजार झाली होती.

"काढ. आणि तुझ्या कॉलेजात दाखव. खऱ्या माशाचा वास यांना सहन होत नाही, पण रूप सोडवत नाही. नाव पण कोळ्यांचं पाहिजे, फक्त कोळी नको."

"आई, हळू," यतीन म्हणाला. "लोक ऐकतायत. जाऊ दे ना."

जाऊ दे ना. हे यतीनचं लाडकं वाक्य. बँकेत साहेबाचं जाऊ दे, रिक्षावाल्याचं जाऊ दे, वाडीत गाडीपुढे गाडी लावणाऱ्याचंही जाऊ दे. बापाचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत जायचा. हा बोलला तर शेजारच्या खुर्चीला ऐकू येत नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ ताट घेऊन जवळ आले. पन्नाशीचे, हसतमुख, पांढरा शर्ट. "अरे यतीन! पोचलास? आणि ह्या आई ना?" ताट खाली ठेवून त्यांनी वाकून नमस्कार केला. "मी राजेश. आपल्या टॉवरचा सेक्रेटरी."

टॉवर बेबीला ठाऊक होता. लालबागला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला. यतीननं तिथे घर ठरवलं होतं. गिरगावचं घर बेबीच्या नावावर, ते विकून उरलेले पैसे भरायचे होते. बेबीचे गुडघे गेलेले, गिरगावात लिफ्ट नाही, म्हणून तीही हो म्हणाली होती. जीव तुटत होता तरी म्हणाली होती.

"टॉवरमधली आम्ही बरीच फॅमिली आलोय," राजेश सांगत होते. "दर वर्षी एक पिकनिक असते. मीच यतीनला म्हटलं, तुम्हीपण या, ओळखी होतील. आणि खरं सांगू का आई, तुमच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे. बाबा गेले आणि तुम्ही सगळ्यांनी नॉनव्हेज सोडलंत. पूर्ण सोडलंत! वर्ष झालं, घरात काही शिजत नाही, यतीननं सांगितलं मीटिंगमध्ये. नाहीतर तुमच्या लोकांना किती कठीण! आपल्याकडे तसा काही नियम नाही हं, कुणाला ना नाही. फक्त वास नको एवढंच. अशीच माणसं आली पाहिजेत बिल्डिंगमध्ये."

ते पुन्हा नमस्कार करून गेले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

बेबीनं यतीनकडे बघितलं. यतीन ताटातल्या भातात रेघा ओढत होता. मधुराला हे माहीत होतं, ते तिच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळलं. उर्वीला माहीत नव्हतं, कारण तिचा घास तोंडातच राहिला होता.

"बाहेर चल," बेबी म्हणाली.

तटावर चढायला जुन्या पायऱ्या होत्या. गुडघ्यांना न विचारता बेबी वर गेली. खाली काळसर वाळू, पलीकडे खाडीचं तोंड आणि कोर्लईचा डोंगर. यतीन मागून आला आणि दोन हात लांब उभा राहिला. लहानपणी काच फोडून आला की असाच उभा राहायचा.

"म्हणजे तू चुकून नाही बुक केलंस."

"आई, ऐकून तर घे..."

"मी तुझी वकिली करत होते रे त्या रखवालदारासमोर!"

"त्यांनी विचारलं, खाता का," यतीन म्हणाला. "मी म्हटलं, वर्षभर घरात शिजलं नाही. खोटं नव्हतं ते."

"आणि का शिजलं नाही, ते सांगितलंस?"

"ते म्हणाले, वडील गेल्यापासून सोडलंत का. मी हो म्हटलं. झालं."

"झालं?"

"आई, मुंबईत घर मिळतंय कुठे? तुझे गुडघे बघ. आपण बाहेर खाऊ की, हॉटेलं काय कमी आहेत? घरात नाही शिजवलं तर काय बिघडलं? वर्षभर राहिलोच ना आपण?"

  वर्षभर बेबीनं तोंड बांधलं ते मनमोहनसाठी. बुधवारी कोळीण दारावर आली की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची, कारण ती हाक ऐकली की मनमोहनची चप्पल वाजल्यासारखं वाटायचं. ते दुःख तिचं होतं. हा तेच दुःख उचलून मीटिंगमध्ये घेऊन गेला आणि चारित्र्याचा दाखला म्हणून टेबलावर ठेवला. बघा, आमची शिकवण झाली, आम्ही सरावलो, आता आम्हाला घ्या.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस तू," ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या! दर रविवारी धक्क्यावर जाऊन मासळी आणायचा आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवून जिना चढायचा. कुणी विचारलं, काय आणलंत, तर थांबून दाखवायचा. आणि तू त्याच्याच नावावर शाकाहारी झालास. अरे, नसतं खायचं तर खाऊ नकोस, मी काही बोलले नसते. जगात कितीतरी माणसं खात नाहीत, सुखानं राहतात. पण तू खाणार, आणि चोरून खाणार! आणि तेही कुठे, लालबागेत! मिरची गल्लीच्या खाटानं सगळं लालबाग शिंकतं, आणि तुमच्या टॉवरला बोंबलाचा वास नको?"

"सुरुवातीला खरंच तुझ्यासाठी सोडलं होतं, आई," यतीन म्हणाला.

हे खरं असावं. त्यामुळे बेबीला जास्तच लागलं. ती खाडीकडे वळली. एक होडी बंदराला लागत होती.

"चल बंदरावर," ती म्हणाली. "मासा घे. आणि मला भरव. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत नाही, उजेडात. एवढं कर. टॉवरचं मग बोलू."

यतीननं मान डोलावली. त्याचा चेहरा एकदम हलका झाला होता. इतक्या स्वस्तात सुटू असं त्याला वाटलं नव्हतं.

बंदरावर कोळणींच्या पाट्या मांडलेल्या होत्या. यतीन आधी इकडेतिकडे बघत होता, ओळखीचं कुणी आहे का म्हणून. पण तिसऱ्या पाटीपाशी जिताडा दिसला आणि तो विसरला. खाली बसला, कल्ले उघडून आतली लाली बघितली, अंगठ्यानं पोटावर दाबून बघितलं. "हा कालचा आहे गं बाय, खालचा काढ," असं म्हणाला तो थेट बापाच्या आवाजात. उर्वी आजीकडे बघून हसली. बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. रक्त कुठे जात नाही, असं तिला वाटलं, आणि निम्मा राग तिनं तिथेच बंदरावर सोडून दिला.

रिसॉर्टच्या वाटेवर एका घराच्या ओसरीत खानावळ होती. दोन बाकं, दोन टेबलं, मालकीणबाई स्वतः चुलीपाशी. उर्वी पळत जाऊन रखवालदाराकडून मसाल्याची बरणी घेऊन आली. मालकीणबाईंनी मासा घेतला, मसाला चाखून बघितला, "चांगलाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. यतीन आतल्या खोलीत बसायला निघाला होता. बेबी ओसरीवरच बसली, रस्त्याकडे तोंड करून. मग तोही बसला. मधुरा त्याच्या पलीकडे.

ताटं आली. कालवण, तांदळाची भाकरी आणि तळलेल्या जाड जाड तुकड्या. तो वास आला आणि बेबीनं डोळे मिटले. एका वर्षाचं सगळं त्या वासात होतं. दवाखाना, तेरावा, रिकामी आरामखुर्ची. तिला रडायचं नव्हतं. खायचं होतं.

यतीननं तुकडी मोडली. भाकरीच्या तुकड्यात मासा घेतला, बोटांनी चाचपून काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. हात वर आला. बेबीनं तोंड उघडलं. या वयात मुलापुढे आ करून बसायला जरा लाज वाटते, पण ती बसली.

"अरे! यतीन?"

समुद्रावरून राजेश परतत होते. बायको, आणखी दोन-चार जोडपी, सगळ्यांच्या चपलांना वाळू लागलेली. ते ओसरीपाशी थांबले. कुणीतरी नाकाला रुमाल लावला, अगदी सहज, सवयीनं.

यतीनचा हात खाली आला. घास ताटात पडला आणि हात टेबलाखाली गेला.

"आईसाठी," यतीन म्हणाला. "आईला जरा... आम्ही नाही खात. आम्ही नुसतं तिला घेऊन बसलोय."

"हो, हो, समजू शकतो," राजेश समजूतदारपणे म्हणाले. "वयस्कर माणसांची जुनी सवय. लगेच नाही सुटत. होईल हळूहळू."

बेबीचं तोंड अजून अर्धं उघडंच होतं. ते तिनं मिटलं.

मनमोहनला तिनं मरताना बघितलं होतं, आणि तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. सवय! वर्षभराचा शोक त्यांच्या लेखी सुधारणा होती, आणि आजचा घास म्हणजे म्हातारीची खोड. हे परक्यानं म्हटलं ते एक वेळ ठीक. पण आपला मुलगा शेजारी बसून मान डोलावत होता.

उर्वीनं झटकन हात पुढे केला, ताटातला घास उचलायला. "आजी, मी भरवते."

"राहू दे, बाळा. ते तुझं काम नाही." बेबी यतीनकडे वळली. आवाज चढवला नाही. "यतीन, घास उचल."

सगळे बघत होते. यतीन टेबलाच्या लाकडाकडे बघत होता.

"उचल रे. मी थांबते."

मागे चुलीवर तेल चुरचुरत होतं. राजेश अवघडून हसले, एक पाय पुढे टाकून पुन्हा थांबले. मधुरा नवऱ्याच्या दंडाला हात लावून काहीतरी पुटपुटली, उचला असं किंवा जाऊ दे असं. यतीनचा हात टेबलाखालून वर आला नाही.

मग बेबीनं स्वतःच्या हातानं तो घास उचलला आणि खाल्ला. सावकाश, चावून चावून. काटा तेवढा नीट काढला होता पोरानं. जिताडा ताजा होता, मीठ बरोबर पडलं होतं. तिनं गिळलं, पाण्याचा घोट घेतला आणि रस्त्यावरच्या मंडळींकडे बघून हसली.

"या ना, राजेशजी. उभे का? तुम्ही खात नसाल तर चहा घ्या. मी बेबी, मनमोहनची बायको. आम्ही गिरगावचे परभू. आम्ही मासे खातो, दार उघडं ठेवून खातो. माझा नवरा वारला म्हणून मी वर्षभर खाल्ले नाहीत, ते वर्ष आज संपलं. माझ्या मुलानं तुम्हाला अर्धंच सांगितलं, त्याबद्दल मी माफी मागते. तुमच्या टॉवरमध्ये मी येणार नाही, आणि गिरगावचं घर मी विकणार नाही. बाकी यतीन खातो की नाही, ते त्यालाच विचारा. मला आता सांगता येत नाही."

 राजेशनी हात जोडले आणि मंडळी पुढे निघाली.

"उर्वी, तुझी तुकडी गार होतेय," बेबी म्हणाली. उर्वी नाक ओढत जेवू लागली. थोड्या वेळानं मधुरानंही ताट पुढे ओढलं, कुणाकडे न बघता. मालकीणबाई आतून आणखी दोन तुकड्या घेऊन आल्या आणि यतीनच्या ताटात वाढायला वाकल्या, तर ताट तसंच भरलेलं, आणि बाकावरची त्याची जागा रिकामी.

तो मागच्या अंगणात नळाखाली हात धूत होता. साबण लावून, हुंगून बघून, पुन्हा साबण लावून.